आमची आफ्रिकेची सफर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला ताकीद दिली आहे की, "सफरीवर बोला, पण लांबण लावू नका. कार्यक्रमानंतर अल्पोपाहार आहे." तेव्हा तुमचा चहा गार होणार नाही इतक्या बेताने बोलेन. दुसरी गोष्ट अशी की, मी काही व्याख्याती नव्हे. तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना शिकवले, त्यामुळे मोठ्याने बोलायची सवय आहे एवढेच. बोलताना मध्येच "समजले का?" असे विचारले तर राग मानू नका.

आमचा संसार चौतीस वर्षे पाळीवर चालला. तारापूरच्या एमआयडीसीत ज्यांच्या घरचे माणूस आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. हे रात्रपाळी करून घरी येत तेव्हा मी शाळेला निघालेली असे, आणि मी परत येई तेव्हा हे झोपलेले. बोलणे व्हायचे ते चहाच्या कपाखाली ठेवलेल्या चिठ्ठीवरून. २०२२ साली हे निवृत्त झाले आणि एके दिवशी कपाटातून जुन्या कॅलेंडरचे एक पिवळे पडलेले पान काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. त्यावर गवतात बसलेल्या सिंहाचे चित्र होते. "हे मला पाहायचे आहे," एवढेच म्हणाले. मुलगा म्हणाला, "बाबा, सिंह पाहायचा तर गीरला जा, गुजरातेत आहे." सून म्हणाली, "त्या पैशांत वरची गच्ची बांधून होईल." दोघांचेही खरे होते. परंतु आयुष्यात पहिल्यांदाच ह्यांनी काही मागितले होते. मीच म्हटले, आपण जायचे.

तयारीची हकीकत थोडक्यात सांगते, कारण पुढे कोणी जाणार असेल तर उपयोगी पडेल. तिकडे जाऊन यायचे म्हणजे पीतज्वराची लस घ्यावी लागते, तीही सरकारमान्य केंद्रातच आणि निघण्यापूर्वी निदान दहा दिवस आधी. त्याचा पिवळा दाखला परत येताना आपल्या विमानतळावर दाखवावा लागतो. दुसरे म्हणजे, केनिया देशात २०१७ सालापासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना सक्त बंदी आहे. मी मेथीचे ठेपले आणि मेतकूट प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधले होते, ते सगळे सोडून आपल्या शिवणवर्गातल्या कापडी पिशव्यांत भरले. म्हणजे आपल्या मंडळाच्या पिशव्या आमच्याबरोबर आफ्रिका पाहून आल्या आहेत.

२०२३च्या ऑगस्टात आम्ही निघालो. मुंबईहून नैरोबीला विमान सुमारे सहा तासांत पोचते. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. विषुववृत्त जवळ, म्हणून मी सुती पातळेच घेतली होती. पण नैरोबी उंचावर वसलेले, आणि ऑगस्ट हा तिथला थंडीचा महिना. पहिल्या सकाळी मी ह्यांचा स्वेटर घालून बसले.

त्या मुलखात गेल्यावर परके वाटत नाही, याचे एक कारण भाषा. त्यांच्या स्वाहिली भाषेत चहाला 'चाय' म्हणतात, चपातीला 'चपाती', गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', रंगाला 'रांगी', हिशेबाला 'हेसाबु', आणि लाखाला 'लाकी'. 'सफारी' हा शब्द तर आपल्या 'सफर'चाच भाऊ, दोघेही अरबीतून आलेले. त्यांच्याकडे कोणी मावशीकडे गेला तरी तो सफारीलाच गेला. हे शब्द समुद्रावरून व्यापाऱ्यांबरोबर गेले आणि पुढे मजुरांबरोबरही. इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधली, तेव्हा हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे बत्तीस हजार मजूर नेले होते. त्यांतले सुमारे अडीच हजार तिकडेच मेले. १८९८ साली त्सावो नदीवरचा पूल बांधताना दोन सिंहांनी कित्येक मजुरांना रात्री तंबूतून ओढून नेले. नैरोबी शहर वसले ते या रेल्वेच्या ठाण्याभोवतीच, १८९९ साली. आपल्या बोईसरचे जे झाले, तेच म्हणा ना. आधी स्टेशन, मग बाजार, मग माणसांचा समुद्र.

नैरोबीत आम्ही करुरा नावाच्या जंगलात फिरलो. शहराच्या पोटात हे जंगल राहिले याचे श्रेय ज्यांना जाते, त्यांत वांगारी माथाई या बाई पहिल्या. या बाईंनी १९७७ साली खेड्यांतल्या बायकांना हाताशी धरून झाडे लावण्याची चळवळ सुरू केली. सरपणासाठी बायकांना मैलोन्‌मैल जावे लागते, झरे आटतात, म्हणून झाडे लावायची, इतका साधा विचार. लावलेले रोप जगले तर बाईला थोडे पैसे मिळत. नुसते लावल्याचे नव्हे, जगल्याचे! जंगलाची जमीन इमारतींसाठी वाटली जात होती तेव्हा ह्या बाई रोपे घेऊन तिथे गेल्या आणि त्यांनी मारही खाल्ला. २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या आफ्रिकेतल्या त्या पहिल्या स्त्री. २०११ साली त्या वारल्या. आपण दर पावसाळ्यात वृक्षारोपण करतो, त्याचे फोटो काढतो. जगल्याचा हिशेब आपण कधी ठेवला आहे का, असे त्या जंगलात माझ्या मनात आले. असो.

तिथून आम्ही अंबोसेलीला गेलो. समोर किलिमांजारो पर्वत, ५,८९५ मीटर उंच, माथ्यावर बर्फ. पर्वत टांझानियात आणि शोभा केनियात! पायथ्याच्या दलदलीत हत्तींचे कळप. जीपमध्ये बसल्यावर ह्यांनी मला विचारले, "तुला काय पाहायचे आहे?" भगिनींनो, चौतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मला पटकन उत्तरही सुचले नाही. मग म्हटले, "हत्तीच पाहू." आम्ही दोन तास एकाच कळपाजवळ थांबलो.

हत्तींच्या कळपात नायक नसतो, नायिका असते. सर्वांत वडीलधारी हत्तीण पुढे चालते, तिच्या मागे लेकी, नाती, आणि त्यांची पिल्ले. नर मोठे झाले की कळपाबाहेर पडतात. हत्तीण बावीस महिने पोटात पिल्लू वागवते. अंबोसेलीत सिंथिया मॉस या बाई १९७२ सालापासून एकेका हत्तीला ओळखून त्यांची वंशावळ लिहीत आल्या. दुष्काळात पाणी कुठे मिळेल, हे म्हाताऱ्या हत्तिणीच्या आठवणीत असते आणि त्या आठवणीवर सगळा कळप तगतो. आमच्यासमोर एक पिल्लू चिखलात रुतले, तर आई आणि दुसऱ्या दोघी धावत आल्या आणि सोंडेने त्याला वर काढले. हे हळूच म्हणाले, "तुमचे मंडळ दिसते." मी रागावल्यासारखे केले, पण मला बरे वाटले.

पुढचा मुक्काम मसाई मारा. वाटेत ग्रेट रिफ्ट व्हॅली लागते. जमीन दुभंगून झालेली ती प्रचंड दरी, वरून पाहिली की पायांत गोळे येतात. मारा म्हणजे १,५०० चौरस किलोमीटरचे गवताचे रान, आणि त्याला लागूनच टांझानियातले सेरेंगेटी. सीमा कागदावर, जनावरांना पासपोर्ट लागत नाही. सुमारे तेरा लाख वाइल्डबीस्ट, त्यांच्याबरोबर लाखो झेब्रे आणि हरणे पावसामागे गवत शोधत वर्षभर या दोन देशांत चक्राकार फिरत असतात. वाइल्डबीस्ट म्हणजे तोंड गाईचे, दाढी बोकडाची आणि शेपूट घोड्याची असे एक कुरूप पण गरीब जनावर. जुलैपासून ते मारा नदी ओलांडतात, आणि नदीत सुसरी टपलेल्या असतात. ते पाहायला आम्ही तीन तास काठावर थांबलो. हजारो जनावरे काठाशी आली, वाकून पाणी हुंगले, रेटारेटी झाली, आणि कशाने कोण जाणे, सगळी माघारी वळली. आमच्या नशिबी ते दृश्य नव्हते. ड्रायव्हर म्हणाला, "पोले पोले." म्हणजे हळूहळू, सबुरीने.

सिंह मात्र दिसले, आणि कॅलेंडरातल्यासारखेच दिसले. चार सिंहिणी आणि पिल्ले एका झाडाखाली पसरलेली. बहुतेक शिकार सिंहिणीच मिळून करतात, आणि एकीची पिल्ले दुसरी पाजते. सिंहमहाराज थोड्या अंतरावर झोपले होते. ह्यांनी कॅमेरा काढला, मग खाली ठेवला आणि नुसते पाहत राहिले. डोळे भरून आले होते, हे मी सांगू नये, पण सांगते. चित्ताही दिसला. नाव आपले, संस्कृतातले, अंगावर ठिपके असलेला तो चित्रक. पण जनावर आपल्याकडून १९५२ साली नामशेष म्हणून जाहीर झाले, आणि २०२२ साली नामिबियातून परत आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडावे लागले. घरचे घालवून बसलो आणि बाहेरून आणावे लागले, हे तिथे बसून फार जाणवले.

आणि आता ज्यासाठी मी आज बोलायला उभी राहिले, ते सांगते.

माराच्या सरहद्दीवर मासाई लोकांची वस्ती आहे. हे गुरे राखणारे लोक. अंगावर तांबडे चौकडीचे वस्त्र, हातात काठी. पाहुण्यांना वस्ती दाखवतात आणि त्याचे माणशी पैसे घेतात. पुरुषांनी उभ्या उभ्या उंच उड्या मारून नाच केला. मुलांनी आमच्यापुढे डोकी वाकवली. मी गोंधळले. मग कळले की, वडीलधाऱ्याने डोक्यावर हात ठेवायचा, हा त्यांचा नमस्कार. आपल्याकडे पाया पडतात, आणि हात शेवटी डोक्यावरच येतो. 'सोपा' म्हणून ते अभिवादन करतात आणि उत्तर 'एपा' असे द्यायचे. आमच्या ह्यांना ते फारच सोपे वाटले.

घरे मात्र बायकांची. फांद्यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर माती आणि शेण लिंपायचे, हे सगळे काम बायकांचे, आणि घर बांधते तिचेच मानले जाते. सगळ्या वस्तीभोवती रात्री सिंहापासून गुरे राखायला काटेरी फांद्यांचे कुंपण. एका तरुण बाईने मला हाताला धरून आत नेले. दार इतके ठेंगणे की कमरेत वाकल्यावाचून आत जाता येईना. आत अंधार, मधोमध चूल, धुराला एक बोटभर झरोका, एका बाजूला वासराची जागा. शेणामातीचा तो वास नाकात गेला आणि मला माझ्या आजीचे स्वयंपाकघर आठवले. तिच्या गळ्यात मण्यांची मोठी तबकडी होती. वस्तीतला एक शिकलेला मुलगा इंग्रजीत सांगत होता, आणि माझे इंग्रजी शाळेपुरते: तांबडा रंग शौर्याचा, पांढरा दुधाचा, निळा आकाशाचा, हिरवा गवताचा.

मी तिला शिक्षिकेसारखे प्रश्न विचारले. मुले किती, पाणी कुठून आणता, शाळा किती लांब. तिने सगळ्यांची उत्तरे दिली. मग म्हणाली, आता माझी पाळी. तुमच्या देशात आमच्यासारखे लोक आहेत का? शेणामातीच्या घरात राहणारे, रानावर जगणारे? मी मोठ्या अभिमानाने म्हटले, "आहेत तर. आमच्या गावाजवळच आहेत. वारली म्हणतात त्यांना. फार सुंदर चित्रे काढतात." तिने विचारले, "त्यांच्या घरात चूल कुठे असते? मधोमध, की भिंतीशी?"

भगिनींनो, मला उत्तर देता आले नाही.

तीस वर्षे एक वारली काकी माझ्या दारी भाजी घेऊन येते. पावसाच्या सुरुवातीला शेवळे, त्याबरोबर न विसरता काकडे, कारण त्यावाचून शेवळे घशात खाजते. मग कंटोळी, टाकळा. माझ्या बाळंतपणांत तिने मला पाले सांगितले. भाव करताना मी तिच्याशी दोन-दोन रुपयांवरून घासाघीस केली आहे. मी समुद्र ओलांडून, पैसे भरून, एका परक्या बाईच्या चुलीशी वाकून गेले, आणि पाच-सात किलोमीटरवर जिचे घर, तिच्या उंबऱ्याशी कधी गेले नाही. मी त्या मासाई बाईला खरे सांगितले की, मला माहीत नाही. ती हसली नाही. नुसती मान हलवली.

परतीच्या वाटेवर आमची जीप माराच्या काळ्या मातीत रुतली. दोन तास दुसऱ्या गाडीची वाट पाहत बसलो. उतरायला बंदी. अंधार पडत चाललेला. ह्यांनी माझा हात धरला होता. तेव्हा ड्रायव्हर, जो स्वतः मासाई होता, बोलत बसला. सेरेंगेटीचे अभयारण्य नीट आखायचे म्हणून १९५९ साली तिथल्या मासाईंना हलवून न्गोरोंगोरोला नेले. तिथे राहू देऊ, असे वचन होते. २०२२पासून तिथूनही त्यांना दूरच्या गावी नेणे सुरू झाले. रानात जनावरे शेकडो वर्षे टिकली ती या लोकांच्या शेजारी. त्यांचा खाण्याचा भर गुरांवर, रानातल्या जनावरांच्या मांसावर नव्हे. आता माराच्या बाजूला काही मासाई जमिनी एकत्र करून सफारीवाल्यांना भाड्याने देतात आणि दरमहा भाडे घेतात, तेवढे बरे. घर सोडण्याचे दुःख आपल्या किनाऱ्याला कोणी शिकवायला नको. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, ती माणसे आपल्यातच आहेत. सिंह वाचला याचा आनंद मला आहे. पण त्याची किंमत आपण तिकिटात भरतो ती थोडी, आणि कोणी जमिनीने भरलेली फार.

घरी आल्यावर काकी भाजी घेऊन आली, तेव्हा मी म्हटले, "काकी, तुझ्या घरी येऊ का?" ती घाबरली. म्हणाली, "कसली चौकशी आहे का?" तिच्या दारी बाहेरचे माणूस येते ते कागद घेऊनच. म्हटले, "नाही ग, नुसती येते." दोन महिने ती टाळत होती. शेवटी दिवाळीत, वाघबारसेच्या दिवशी, तिनेच बोलावले.

आम्ही दोघे गेलो. तिने शेजारून एक प्लॅस्टिकची खुर्ची आणली. मी खाली बसले. ती म्हणाली, "वर बसा." मी बसेना, ती ऐकेना. शेवटी खुर्चीवर हे बसले आणि वाद मिटला. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेल्या. कोपऱ्यात भाताची कणगी. भिंतीवर नातवाच्या लग्नाचा चौक अजून पुसटसा होता. वारली चित्रे आज जगभर जातात, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना त्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. पण लग्नाचा चौक लिहायचा मान मुळात सुवासिनींचा, हे मला काकीने सांगितले. तोही मासाई बायकांच्या मण्यांसारखाच, बायकांच्या हातचा.

काकीने विचारले, "काय पाहायला गेला होता एवढ्या लांब?" म्हटले, "सिंह." "दिसला?" "दिसला." "मग त्याला नारळ ठेवला का?" तिच्याकडे वाघदेवाची पूजा असते, वाघाला शत्रू मानून रान राखता येत नाही, अशी तिची समजूत. सिंहाला नारळ ठेवायचा राहिला, हे आम्ही कबूल केले.

आणि हो, चूल. काकीच्या घरात चूल भिंतीशी आहे. हे त्या मासाई बाईला कळवायची काही सोय नाही. परंतु मला आता माहीत आहे.

जाता जाता एक बोलते, ते गोड मानून घ्यावे. गेल्या वर्षी आपण पाड्यावर साड्या वाटल्या. चांगले काम झाले. फोटो याच स्मरणिकेत आहे, त्यात मीही आहे. आपण अंगणात अर्धा तास उभ्या होतो आणि आपल्यापैकी एकीनेही कुणाच्या दारात मान वाकवली नाही. मी मासाईंच्या वस्तीत जी पाहुणी होते, तशाच आपण तिथे होतो. माझी सूचना एवढीच आहे की, येत्या वाघबारसेला आपण पाच-सहाजणी, वाटप न घेता आणि कॅमेरा न घेता, काकीच्या पाड्यावर जाऊ. तिला मी विचारले आहे. ती म्हणाली, "या. पण खुर्च्या एवढ्या नाहीत."

माझे भाषण संपले. चहा गार होण्याआधी मी आपली रजा घेते. नमस्कार.